ससा आडवा जाईपर्यंत

द्वारकेच्या चौकात रिक्षा अडकली होती. तिथे अडकणं ही काही बातमी नव्हे. नाशिककर माणूस द्वारकेला अडकतो, घड्याळ बघायचं सोडून देतो आणि आजूबाजूच्या गाड्यांमधली माणसं बघत बसतो. मीही तशीच बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत कोथिंबिरीची जुडी, मुळ्याचा पाला आणि कुंदाताईंसाठी गूळपोळ्यांचा डबा. फोन वाजला तो मंगलचा. मंगल दिवसभर कुंदाताईंपाशी असायची. एरवी ती फोन करायची ते येताना अमुक आणा, तमुक आणा असं सांगायला, त्यामुळे मी उचलल्या उचलल्या म्हणाले, "निघालेय गं, द्वारकेला आहे." ती म्हणाली, "काकू, सावकाश या. जेवून खुर्चीत बसल्या होत्या, मी ताट ठेवून आले तर..." पुढचं तिला बोलवेना आणि मला ऐकवेना. सिग्नल सुटला, रिक्षा हलली, आणि माझ्या डोक्यात काय यावं, तर ही एवढी कोथिंबीर आता कोणाला घालायची. अशा वेळी माणसाच्या डोक्यात काय येईल याचा नेम नाही. महिना होऊन गेला या गोष्टीला, पण त्या कोथिंबिरीचा वास अजून त्या दुपारसकट आठवतो.

कुंदाताई माझ्या विहीणबाई. माझी मनवा त्यांच्या केदारला दिलेली. विहीण म्हटलं की मानपान, रुसवेफुगवे, साडीचा पोत बोटांनी चाचपून बघणं हे आलंच. माझ्या आईने तर मला मूल होईपर्यंत माझ्या सासरी घोटभर पाणी घेतलं नव्हतं, दारातच उभी राहून ख्यालीखुशाली विचारायची. मी इतकी जुनी नाही, पण मुलीच्या सासरी पाऊल टाकताना पाठ आपोआप ताठ होते ती होतेच. लग्नानंतरची काही वर्षं आम्ही दोघी एकमेकींशी फार म्हणजे फारच चांगल्या वागलो. सणावारी जायचं, सोफ्याच्या कडेवर बसायचं, चकली छान झालीये म्हणायचं आणि घरी येऊन यांना सांगायचं की भाजणी जरा जास्तच भाजली होती. मुलं पुण्याला, आम्ही दोघं इंदिरानगरला, आणि कुंदाताई जेल रोडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये एकट्या. त्यांचे यजमान एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात होते, निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांत गेले. आमचं नातं असंच कडक इस्त्रीचं राहिलं असतं. मध्ये ससा आला म्हणून वाचलो.

ससा आमच्या नातीचा, सईचा. वाढदिवसाला हट्ट करून घेतलेला. पांढऱ्या अंगावर तपकिरी, काळे, पिवळट ठिपके, म्हणून तिने त्याचं नाव ठेवलं चिवडा. पुण्याला दोघं नोकरीला, पोर शाळेत, चिवडा दिवसभर पिंजऱ्यात. तो स्वतःच्याच अंगावरचे केस उपटायला लागला तेव्हा त्याला दिवाळीच्या सुटीत नाशिकला आणला, द्राक्षांच्या पुठ्ठ्याच्या पेटीत घालून. त्या पेट्यांना हवेसाठी भोकं असतात, एका भोकातून त्याचं नाक वरखाली होताना दिसायचं म्हणे. पिंजरा गाडीत मावला नव्हता, पुढच्या खेपेला आणतो असं केदारराव म्हणाले. कुंदाताईंनी पेटी हॉलच्या मधोमध ठेवली, झाकण काढलं आणि म्हणाल्या, "जा, बघून घे घर." तो बराच वेळ बाहेर आला नाही. मग आला. सोफ्याखाली गेला, पलंगाखाली गेला, देवघरापुढे मागच्या दोन पायांवर उभा राहिला आणि शेवटी फ्रीजच्या मागच्या उबेला जाऊन बसला. पुढच्या खेपेला केदाररावांनी पिंजऱ्याचं काढलं तर कुंदाताई म्हणाल्या, "आता कशाला? त्याने घर बघितलंय." तो पिंजरा मग पुण्यातच कोणाला तरी देऊन टाकला.

मी भाऊबीजेनंतर फराळाचे डबे परत करायला गेले, तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. दार उघडून कुंदाताई म्हणाल्या, "शैलाताई, पाय उचलू नका. घासत या." मला वाटलं फरशी ओली आहे. तेवढ्यात सोफ्याखालून दोन कान बाहेर आले. "पाय उचलला की खाली ठेवताना तो कुठे असेल सांगता येत नाही," त्या म्हणाल्या, "सरकवत नेला की तो आपणच बाजूला होतो." आणि स्वतः सरकत सरकत स्वयंपाकघरात गेल्यासुद्धा, पाण्यावरून गेल्यासारख्या. मी त्यांच्या मागोमाग, नेसले होते ती चांगली रेशमी साडी, हातात डबे, पाय फरशीला चिकटवून. हे माझ्या मागे. यांनी तर देवळात प्रदक्षिणा घालताना करतात तसा चेहराच केला होता. सोफ्यावर बसल्यावर मी पाय वर घेतले आणि तासभर खाली सोडले नाहीत. शिस्तीची बाई आहे मी. माझ्या घरात चप्पल दाराच्या एका बाजूला आणि केरसुणी दुसऱ्या बाजूला असते. घरात मोकळा फिरणारा ससा, त्याच्या लेंड्या, कोपऱ्यात वर्तमानपत्र घातलेला ट्रे, हे बघून परतीच्या वाटेवर मी यांना काय काय म्हणाले ते आता लिहीत नाही.

पण घरात ससा मोकळा सोडायचा म्हणजे नुसतं दार उघडं टाकणं नव्हे, हे मला हळूहळू कळत गेलं. कुंदाताईंनी सगळं घर त्याच्या उंचीवरून बघून घेतलं होतं. खालच्या कप्प्यातली पुस्तकं वर गेली, वरची भांडी खाली आली. सगळ्यात मोठी भीती वायरींची, कारण सशाला दिसेल ती वायर कुरतडायची असते. त्याचा बंदोबस्त केला त्यांच्या भावाने, आबाने. आबाची दिंडोरीला द्राक्षबाग. तो एकदा काळ्या नळ्यांची भेंडोळी घेऊनच आला. "ठिबकची जुनी नळी हाय, ताई," तो म्हणाला, "उभी चिरली का वायर आत बसती. मंग चावू दे त्याला काय चावायचं ते." आणि दुपारभर जमिनीवर बसून त्याने घरातली एकूण एक वायर नळीत घातली. टीव्हीच्या मागे बघितलं तर द्राक्षबागच. येताना तो वेलाची पानंही आणायचा. पण ती बागेतली नव्हेत, कारण बागेवर सारखी फवारणी. घरापुढे मांडवावर एक वेल होता, तेवढा त्याने चिवड्यासाठी बिनफवारणीचा ठेवला. "लोकं हासत्यात मला," तो म्हणायचा, "म्हणत्यात सशासाठी वेल पाळला. पाळला तर पाळला." ट्रेमधल्या लेंड्या कढीपत्त्याच्या कुंडीत जायच्या आणि तो कढीपत्ता असा काही माजला होता की वरच्या मजल्यावरच्या बायका वरून हात घालून तोडून न्यायच्या.

मग मी दर मंगळवारी जायला लागले. कशी सुरुवात झाली आठवत नाही. बहुतेक पाला पोचवायला. आमच्याकडे शेजारच्या मळ्यातून भाजी येते, मुळ्याचा, गाजराचा पाला फेकून द्यायला जिवावर यायचं. जेवणं उरकली की कुंदाताई हॉलमध्ये चटई टाकायच्या आणि त्यावर न उशी, न काही, सरळ आडव्या व्हायच्या. पहिल्यांदा मी अवघडून सोफ्यावर बसून राहिले. नंतर मीही चटईवर आले. विहिणीच्या घरी जमिनीवर लोळत पडलेली मी, माझ्या आईने बघितलं असतं तर... पण जमिनीवर पडल्यावर घर वेगळंच दिसतं. सोफ्याखालचा अंधार एखाद्या गावासारखा दिसतो. खिडकीतून आलेलं ऊन फरशीवरून सरकत जातं, आणि त्या उन्हात पाय ताणून चिवडा पडलेला असतो, मध्येच उठून तो कुठेतरी जातो, नखांचा बारीक आवाज आतल्या खोलीपर्यंत जातो आणि परत येतो. आम्ही बोलायचो तेही हळू आवाजात. त्या घराला हळू बोलायची सवयच होती. यजमानांची पाळी असायची, रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपायचा, म्हणून इतकी वर्षं कुंदाताईंनी दुपारी भांड्याला भांडं लागू दिलं नव्हतं. "ते गेल्यावर मला वाटलं आता मोठ्याने वावरायला हरकत नाही," त्या एकदा म्हणाल्या, "पण मला येतच नव्हतं हो. मग हा आला. हाही दुपारचा झोपतो." मी डोळे मिटून पडले होते. चिवडा माझ्या केसांचा वास घेऊन गेला. जागी होते की झोपेत, नीटसं सांगता येत नाही. त्या सगळ्या दुपारी एकच असल्यासारख्या एकमेकींत मिसळल्यात.

या सगळ्यात कुंदाताईंच्या चालण्याकडे आमचं कोणाचंच लक्ष गेलं नाही. जाणार तरी कसं? त्या घरात पाऊल टाकलं की आम्ही सगळेच घासत चालायचो. मनवा, केदारराव, सई, आबा, धुणंभांडी करणारी बाई, गॅसचा सिलिंडर घेऊन येणारा माणूससुद्धा. मनवाच्या सासरच्या नात्यातल्या एका लग्नाला आम्ही बरोबर गेलो होतो, गंगापूर रोडच्या एका लॉन्सवर. हिरवळीवर गालिचे अंथरलेले, सनई चाललेली. मी पुढे, कुंदाताई मागे. मागे वळून बघते तर त्या गवतावरून पाय घासत येताहेत, छोटी छोटी पावलं, गालिच्याच्या कडेला पाय अडकतोय. मी आपली गमतीने म्हणाले, "अहो कुंदाताई, इथे कुठे आलाय चिवडा?" त्यांनी खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं. हसल्या नाहीत. मग माझ्या दंडाला धरलं आणि म्हणाल्या, "ताई, कोणाला सांगू नका." सनई चालूच होती. मी त्यांना एका खुर्चीत बसवलं आणि दोघी अक्षता हातात घेऊन बसून राहिलो, टाकायचं विसरून.

त्यांना कधीचंच कळलं होतं. भाजी आणायला खाली उतरल्या की पाय उचलायचा नाही, रस्ता ओलांडताना मध्येच थांबायचा. म्हणून त्या हल्ली खाली उतरतच नव्हत्या आणि आम्हाला वाटत होतं, चिवड्याला एकटं सोडवत नाही म्हणून. "घरात सगळेच घासत चालतात," त्या म्हणाल्या, "त्यात माझं खपून जातं." हात थरथरत नव्हता, त्यामुळे शंका यायला काही जागाच नव्हती. मी अर्थातच सांगितलं, दुसऱ्याच दिवशी, मनवाला. डॉक्टरांनी कंपवात म्हटलं. थरथर नसलेलाही असतो, पावलांपासून सुरू होणारा. घरी आल्यावर कुंदाताई माझ्यावर रागावतील असं वाटलं होतं. त्या फक्त म्हणाल्या, "बरं झालं. लपवायचा कंटाळा आला होता." मग चटई टाकली. त्या दिवशी खाली बसायला त्यांना माझा हात लागला.

गोळ्या सुरू झाल्या, मंगल आली. काही दिवस बरे गेले. मग एकदा त्या स्वयंपाकघरात पडल्या. मनगट दुखावलं. चिवडा त्या वेळी गॅलरीत होता, हे मंगल सगळ्यांना शपथेवर सांगत होती, पण कोणी ऐकून घेईना. डॉक्टरांनीही सांगितलं होतं, पायात येईल असं काही घरात ठेवू नका. गालिचा काढला, पायपुसणी काढली, आणि पायात येणारं उरलं ते एकच. केदारराव माणूस फार चांगला, पण काळजी वाटली की ते वस्तू विकत घेतात. पुढच्या रविवारी पुण्याहून निघाले ते पिंजरा घेऊनच. मोठा, दुमजली, खाली ट्रे, वर झोपायला जागा, पाण्याची बाटली लावलेली. मी मुद्दाम गेले होते. भांडण झालं तर मध्ये पडायला, आणि खरं सांगायचं तर केदाररावांच्या बाजूने बोलायला. मला ससा आवडायला लागला होता, पण कुंदाताई जास्त आवडत होत्या.

केदारराव हॉलमध्ये बसून स्क्रू पिळत होते. कुंदाताई आतल्या खोलीत. त्यांना बाहेर यायचं होतं, त्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थिजल्या. पाय जमिनीला खिळल्यासारखे. केदारराव धावले तर म्हणाल्या, "हात लावू नकोस. ओढलंस की पडते मी. थांब जरा." आम्ही थांबलो. चिवडा नव्या पिंजऱ्याचा वास घेत होता, त्याला तो पटला नसावा. तो वळला आणि टुणटुणत उंबऱ्यावरून कुंदाताईंच्या पावलांपुढून आडवा गेला. त्यांची नजर त्याच्याबरोबर खाली गेली, पाय सुटला, आणि त्या उंबरा ओलांडून बाहेर आल्या, जशा काही कधी थांबल्याच नव्हत्या. "बघितलंस?" त्या म्हणाल्या, "रोजचं आहे हे. तो आडवा गेला की सुटतात पाय." मांजर आडवं गेलं की थांबणारी माणसं मी खूप बघितली आहेत. ससा आडवा गेला की चालायला लागणारी ही एकच. केदाररावांचा विश्वास बसेना. डॉक्टरांना फोन लावला तर ते म्हणाले, होतं असं, काही जणांना डोळ्यांपुढे ओलांडायला काहीतरी लागतं, मेंदू मग पायाला सोडतो. जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवून बघा. पट्ट्या नंतर चिकटवल्या. चिवड्याने त्या कडेकडेने खाऊन टाकल्या.

"पण तो खरंच पायात आला तर? पडलीस तर?" केदारराव म्हणाले. हातात स्क्रूड्रायव्हर तसाच.

"पडले तर चालताना पडेन," कुंदाताई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "तू त्याला आत घालशील. मग मी उंबऱ्यात उभी राहीन. मग मंगल मला ओढून नेईल. मग खुर्ची येईल, मग कठड्याचा पलंग येईल. मला पुढचं सगळं दिसतंय रे. मला माझ्या घरात फिरायचंय, जेवढं फिरता येईल तेवढं."

केदारराव खाली बसले. माझ्याकडे बघितलं. त्यांच्या बाजूने बोलायला आलेली मी, फरशीवरचे सुटे स्क्रू गोळा करत राहिले. मग त्यांनी विचारलं, "मग मी काय करू?" चाळिशी ओलांडलेला माणूस, पण तो प्रश्न शाळेतल्या मुलासारखा होता. कुंदाताई म्हणाल्या, "माझ्याबरोबर चाल. हात धरू नकोस, नुसता बाजूने चाल." आणि त्या दुपारी मायलेक घरात चालत राहिले. गॅलरीपासून स्वयंपाकघरापर्यंत, परत गॅलरी. त्या दोन पावलं सरकवायच्या, थांबायच्या. तेही सरकवायचे, थांबायचे. उंबऱ्याशी दोघं शेजारी शेजारी उभे राहायचे आणि चिवड्याची वाट बघायचे. तो कधी लगेच यायचा, कधी मुळीच घाई करायचा नाही. त्यानंतर केदारराव पंधरवड्याला यायचे ते याच कामाला. इतर वेळी मी चालायचे, मंगल चालायची. पिंजरा गॅलरीत गेला. आबाने आणलेले कांदे त्यात ठेवले, कांद्याला हवा लागते. दुमजली पिंजऱ्यात कांदे इतके छान टिकले की शेजारणी विचारायला लागल्या, कुठून घेतला म्हणून.

शेवटच्या दिवसांत चालणं कमी झालं होतं, बोलणंही. आवाज पुसट झाला होता, कान जवळ न्यावा लागायचा. त्या जायच्या आधीच्या मंगळवारी आम्ही दोघी खिडकीशी बसलो होतो. चटईवर बसणं आता शक्य नव्हतं, त्या खुर्चीत आणि मी स्टुलावर. चिवडा खाली उन्हात. तोही म्हातारा झालाय, उडी मारायच्या आधी विचार करतो. कुंदाताई म्हणाल्या, "ताई, तुमच्याकडे काही मागायचंय. लग्नात आम्ही काही मागितलं नव्हतं." मी म्हणाले, "नव्हतं. उलट मीच देऊ का, देऊ का म्हणून तुमच्या मागे लागले होते." त्या हसल्या, हल्ली चेहऱ्यावर हसू उमटायला वेळ लागायचा. "वरमाईचा मान राहिलाय माझा," त्या म्हणाल्या, "तो आता द्या. चिवड्याला न्या. पुण्याला तो परत पिंजऱ्यात जाईल. तुम्ही न्या आणि कोंडू नका. फिरू दे." मी शिस्तीची बाई, केरसुणी एका बाजूला आणि चप्पल दुसऱ्या बाजूला असलेली. मी म्हणाले, "दिला." त्यांनी मान हलवली, लग्नाच्या याद्या ठरल्यावर हलवतात तशी. मग ऊन सरकलं तशी आम्ही खुर्ची सरकवली.

दिवसकार्य झालं. मंगलने सांगितलं होतं की त्या गेल्या तेव्हा चिवडा खुर्चीखालीच होता आणि माणसं जमली तरी तो तिथून हलला नव्हता. मी त्याला टोपलीत घालून घरी आणलं. आणण्याआधी ह्यांनी आणि मी घर आवरून, म्हणजे आमच्या दृष्टीने विस्कटून घेतलं होतं. आबा नळ्या घेऊन आला, वायरी आत गेल्या. हॉलमध्ये टोपली ठेवली, झाकण काढलं. "जा बाळा, बघून घे घर," मी म्हणाले. आवाज माझाच होता, शब्द त्यांचे. चिवडा निघाला तो थेट आतल्या खोलीत दिवाणाखाली गेला, भिंतीच्या कोपऱ्यात. आणि तिथेच राहिला. पाला पुढे सरकवला तर खायचा, ट्रेमध्ये जायचा तेवढाच. बाकी तिथेच, कान पाठीवर टाकून. आम्ही दोघं घासत चालायचो. यांचा गुडघा दुखतो, तरी घासायचे. मी त्याच्यासमोर जमिनीवर पडून राहायचे दुपारभर. फ्रीजमागे उबेची जागा करून दिली. काही नाही. प्राण्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, म्हणाले धडधाकट आहे, वयाच्या मानाने उत्तम. हे मला म्हणायचे, "अगं, तू कुठे कोंडलंयस त्याला? मोकळाच आहे तो." मोकळा होता. पण फिरत नव्हता, आणि मी मान दिला होता तो फिरण्याचा. दिवस जात होते तसं मला वाटायला लागलं, त्यांनी माझ्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली आणि ती मला देता येत नाही. मंगळवार आला की फार व्हायचं. पिशवी हातात घेऊन दारापर्यंत जायचे आणि आठवायचं की जायचं कुठेच नाही.

गेल्या आठवड्यात केदारराव आले. जेल रोडचा फ्लॅट रिकामा करून किल्ल्या आमच्याकडे ठेवायला द्यायच्या होत्या. मी म्हटलं येऊ का मदतीला, तर नको म्हणाले, एकटाच करतो. संध्याकाळी आमच्याकडे आले, ह्यांनी दार उघडलं तसा किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या हातात दिला. दिवसभर खोकी उचलून कपड्यांवर धूळ. आईच्या आजारपणात, तिच्या जाण्यात, दहाव्याला, तेराव्याला, मी त्यांच्या डोळ्यांत पाणी बघितलं नव्हतं. सारखी काही ना काही सोय बघत होते. "चिवडा कुठाय?" एवढंच त्यांनी विचारलं. मी आतल्या खोलीकडे बोट दाखवलं. बूट काढून ते निघाले ते पाय न उचलता. त्यांच्या ध्यानातही नव्हतं. जरा घासायचं, थांबायचं, पुन्हा जरा घासायचं. आम्हीही इतके दिवस घासत होतो, पण आमचं घासणं केर काढल्यासारखं, लांब लांब. हे वेगळं होतं. ते बारीक, अडखळतं, मध्येच संपणारं... मी स्वयंपाकघराच्या दारात होते आणि डोळे मिटले असते तर कोण येतंय ते मी खात्रीने सांगितलं असतं.

आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी ते थांबले. तिथे थांबायचं काही कारण नव्हतं. सवयीने थांबले, शेजारी थोडी जागा सोडून. दिवाणाखाली खसखस झाली. चिवडा बाहेर आला. एक कान उभा, एक आडवा. तो उंबऱ्यापर्यंत आला, केदाररावांच्या पायांचा वास घेतला, मग त्यांच्या शेजारच्या रिकाम्या जागेचा घेतला, तिथे जरा जास्त वेळ. आणि मग त्यांच्या पावलांपुढून आडवा जाऊन हॉलमध्ये आला.

"काकू," केदारराव खाली बघत म्हणाले, "त्याला वाटलं आई आली."

हे किल्ल्यांचा जुडगा हातात धरून तसेच उभे. केदाररावांनी पाऊल सरकवलं, उंबरा ओलांडला, दिवाणावर बसले आणि हुंदके देऊन रडले, कितीतरी वेळ. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. चिवडा तोवर हॉल ओलांडून देवघरापाशी पोचला होता आणि मागच्या दोन पायांवर उभा राहून आमचं घर बघत होता.